७९ वर्षांनी फुटलेला बॉम्ब आणि घराच्या विम्यातला युद्धाचा अपवाद

२६ फेब्रुवारी २०२१, शुक्रवार. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात एक्झेटर शहर आहे. तिथल्या विद्यापीठाला लागून, ग्लेनथॉर्न रोडजवळ एका खासगी जागेत बांधकामासाठी खोदाई चालू होती. सकाळी सव्वानऊनंतर पोलिसांना फोन गेला की जमिनीत बॉम्ब सापडलाय. साधारण अडीच मीटर लांब, सत्तर सेंटिमीटर रुंद, १,००० किलोचा जर्मन बॉम्ब. महायुद्धात या जातीच्या बॉम्बला ‘हर्मन’ म्हणत, जर्मन हवाई दलाचा प्रमुख हर्मन गोरिंग याच्या गोल गरगरीत देहावरून.

तो पडला होता १९४२ मध्ये. त्या वर्षी मार्चअखेर ब्रिटिश विमानांनी जर्मनीतलं ल्यूबेक हे जुनं शहर जाळलं. त्याचा वचपा म्हणून जर्मन हवाई दलानं एक्झेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी अशी शहरं निवडली. लष्करी महत्त्व बेताचं, पण कॅथेड्रलं आणि जुन्या गल्ल्या भरपूर. ‘बेडेकर हल्ले’ म्हणून ते ओळखले जातात. आपल्या बेडेकरांशी संबंध नाही, त्या नावाच्या जर्मन प्रवास-पुस्तिका प्रसिद्ध होत्या. एक्झेटरवरचा सर्वांत मोठा हल्ला ३ आणि ४ मेच्या मधल्या रात्री झाला. शहराचा गाभा जळाला. त्या वर्षी पडलेला एक बॉम्ब मात्र फुटला नाही, जमिनीत रुतून बसला आणि विसरला गेला.

लष्कर आणि नौदलाच्या तज्ज्ञांनी बॉम्ब पाहिला. तो हलवण्यासारखाही नव्हता आणि जागेवर निकामी करण्यासारखाही नव्हता. मग २,६०० च्या वर घरं रिकामी केली, विद्यापीठाच्या १२ वसतिगृहांतले १,४०० विद्यार्थी हलवले, बॉम्बभोवती भिंती उभारून त्यात ४०० टन वाळू भरली, आणि २७ फेब्रुवारीला संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी तो फोडला. आठ किलोमीटरवर आवाज गेला. अडीचशे मीटरपर्यंत ढेकळं आणि दगड उडाले, डबलडेकर बस मावेल एवढा खड्डा पडला. शंभर मीटरच्या आतल्या इमारतींच्या खिडक्या गेल्या, काहींच्या भिंतींना तडे गेले. जीवितहानी झाली नाही. खबरदारीत कुणी कसूर केली असंही पुढे कुणी म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

वसतिगृहांचं नुकसान झालं होतं आणि विद्यार्थ्यांना तात्पुरतं दुसरीकडे ठेवण्याचा खर्चही आला होता. विद्यापीठानं दोन्हींसाठी आपल्या विमा कंपनीकडे, म्हणजे अलायन्झकडे, क्लेम लावला. कंपनीनं तो नाकारला. कारण एका ओळीचं होतं: पॉलिसीत युद्धाचा अपवाद आहे.

प्रकरण विद्यापीठाचं असलं तरी हा अपवाद घरमालकाच्या ओळखीचा आहे. किंबहुना घराच्या पॉलिसीत तो जवळपास याच शब्दांत असतो: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूच्या कृती, युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो अशा शत्रुत्वाच्या कारवाया, यादवी, बंड, क्रांती, उठाव, लष्करी किंवा बळकावलेली सत्ता. यांच्यामुळे होणारं नुकसान भरून मिळणार नाही. लंडनच्या फ्लॅटची पॉलिसी असो की ठाण्याच्या, ही यादी तुम्हाला शेवटच्या पानांवर सापडेल. आपण ती वाचत नाही, कारण वाचून करायचं काय? घराला आग लागेल, पाणी शिरेल, चोरी होईल. शत्रू आक्रमण करेल तेव्हा विम्याचा विचार कोण करणार? एक्झेटरच्या प्रकरणानं दाखवलं की युद्ध संपल्यावर तीन पिढ्यांनीही हा प्रश्न दारात येऊ शकतो.

बॉम्ब टाकला त्यांनी, फोडला आम्ही

विद्यापीठाचं म्हणणं ऐकायला अगदी पटणारं होतं. १९४२ साली आमचं काहीच नुकसान झालं नाही. २६ फेब्रुवारी २०२१ पर्यंतही झालं नाही. ७९ वर्षं बॉम्ब जमिनीत निपचित होता. नुकसान झालं ते २७ तारखेला, आणि तेही ब्रिटिश तज्ज्ञांनी विचारपूर्वक स्फोट घडवला म्हणून. याला युद्ध कसं म्हणणार? ही तर शांततेच्या काळातली, लोकांच्या सुरक्षेसाठी केलेली कारवाई. आणि युद्धाचा अपवाद पॉलिसीत घालताना दोन्ही पक्षांच्या मनात चालू असलेलं युद्ध असतं, आजोबांच्या काळातलं नव्हे.

कंपनीचं म्हणणं तितकंच सरळ होतं. बॉम्ब तिथे नसता तर कुणी फोडला असता का? आणि तो तिथे आला कसा?

तथ्यांबद्दल वाद नव्हता. दोन्ही बाजूंनी ती मान्य करून कोर्टापुढे ठेवली होती. प्रश्न फक्त कारणाचा होता. विमा कायद्यात नुकसानीचं नजीकचं कारण शोधतात, आणि इथे वाचक नेहमी फसतो. नजीकचं म्हणजे वेळेनं नजीकचं नव्हे. नुकसान घडवून आणण्यात ज्याचा जोर खरा, ते कारण.

हे १९१८ सालीच ठरून गेलं आहे, आणि ते प्रकरणही युद्धाचंच होतं. ‘इकारिया’ नावाच्या जहाजाला जानेवारी १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. जहाज बुडालं नाही, कसंबसं ल हाव्र बंदरात आणून धक्क्याला बांधलं. मग वारा सुटला, जहाज धक्क्यावर आपटायला लागलं. ते तिथेच बुडून वाट अडवेल या भीतीनं बंदराच्या अधिकाऱ्यांनी त्याला हलवायला सांगितलं. नव्या जागी भरती-ओहोटीत ते जमिनीला टेकायचं, पुन्हा उचललं जायचं, आणि शेवटी बुडालं. जहाजाचा विमा समुद्राच्या धोक्यांचा होता, शत्रूच्या कारवाया वगळलेल्या होत्या. मालक म्हणाले, वाऱ्यानं आणि ओहोटीनं बुडालं. हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय, म्हणालं, टॉर्पेडोनं बुडालं. जहाज त्या जखमेच्या तावडीतून कधी सुटलंच नव्हतं. मध्ये बंदर आलं, दोर आले, माणसांचे निर्णय आले, पण कारण तेच राहिलं.

टॉर्पेडो आणि बुडणं यात थोडे दिवस होते आणि एक्झेटरमध्ये ७९ वर्षं. फरक एवढाच का? पहिल्या फेरीत, मार्च २०२३ मध्ये, न्यायाधीश बर्ड यांनी जवळपास तेच म्हटलं. बॉम्ब टाकणं हेच नजीकचं कारण. नियंत्रित स्फोट हा बॉम्बच्या अस्तित्वाला दिलेला वाजवी प्रतिसाद होता, त्यानं कारणांची साखळी तुटत नाही. अर्थ असा की माणसानं मध्ये हात घातला, पण तो हात बॉम्बनंच घालायला लावला.

विद्यापीठ अपिलात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयानंही विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला, पण वाट थोडी वेगळी घेतली. मला ती जास्त प्रामाणिक वाटते. मुख्य निकालपत्र लॉर्ड जस्टिस कूलसन यांचं. त्यांनी म्हटलं की इथे एकच कारण निवडायचा अट्टाहास कशाला? दोन कारणं आहेत आणि दोघांचा जोर जवळपास सारखा. १९४२ मध्ये बॉम्ब टाकणं हे एक आणि २०२१ मध्ये तो फोडणं हे दुसरं. एवढं नुकसान झालं ते बॉम्ब १,००० किलोचा होता म्हणून, नेमका त्या जागी होता म्हणून आणि हलवता येत नव्हता म्हणून. फोडणं टाळता आलं असतं तर टाळलंच असतं.

दोन समान कारणं, एक पॉलिसीत बसणारं, दुसरं अपवादात. मग काय? याचंही उत्तर आधीच होतं. १९७३ मध्ये ठरलेल्या वेन टँक कंपनीच्या प्रकरणात प्लॅस्टिसीन बनवणारा एक कारखाना जळाला होता. गरम मेण वाहून नेण्यासाठी चुकीच्या प्लॅस्टिकचा पाइप बसवला होता, आणि कुणीतरी चाचणीआधीच्या रात्री यंत्रणा चालू ठेवून लक्ष न ठेवता निघून गेलं होतं. एक कारण विम्यात बसत होतं, दुसरं वगळलेलं होतं. कोर्टानं सांगितलं की अशा वेळी अपवाद जिंकतो. कंपनीनं ज्या गोष्टीसाठी पैसे देणार नाही असं लिहून दिलं, ती नुकसानीच्या मुळाशी बसलेली असेल तर दुसऱ्या दारानं पैसे मागता येत नाहीत.

राहिला मुद्दा काळाचा. ७९ वर्षं म्हणजे काहीच नाही का? कोर्टाचं उत्तर: बॉम्ब जमिनीत पडून राहिल्यानं त्याचा जोर कमी झाला नव्हता. तो १९४२ मध्ये जितका घातक होता तितकाच त्या शुक्रवारी होता. आणि पॉलिसीतल्या अपवादाला मुदत घातलेली नव्हती. घालायची असती तर घालता आली असती.

हे शेवटचं वाक्य घरमालकानं दोनदा वाचावं. विमा उद्योगात मुदती घालण्याची हौस किती दांडगी आहे हे आपल्याला माहीत आहे. क्लेम इतक्या दिवसांत कळवा, घर सलग इतके दिवस बंद असेल तर सांगा, चोरी अमुक दिवसांच्या आत झाली असली पाहिजे. युद्धाला मात्र मुदत नाही.

कायदा बरोबर, पण मग पैसे कुणी द्यायचे?

निकालाला मी चूक म्हणणार नाही. शब्द वाचले तर दुसरा निकाल देणं अवघड होतं. तरीही तो खटकतो, आणि का खटकतो ते शोधायला १९३० च्या दशकात जावं लागतं.

विमा कंपन्या युद्ध वगळतात ते कंजूषपणानं नाही. आगीचा धंदा या हिशेबावर चालतो की एका वर्षी हजारातली दोन-चार घरं जळतील. युद्धात एका रात्रीत अख्खं शहर जळतं आणि हप्ता भरणारेही त्यातच असतात. स्पेनच्या यादवी युद्धात विमानांतून शहरांवर बॉम्ब पडताना जगानं पाहिले आणि १९३७ मध्ये ब्रिटिश विमा कंपन्यांनी आपसांत ठरवलं की जमिनीवरच्या मालमत्तेची युद्धजोखीम कुणीच घ्यायची नाही. समुद्रातल्या मालाची घ्यायची, कारण जहाजं विखुरलेली असतात. घरं एका जागी असतात.

मग ब्रिटनमधल्या लोकांचं काय झालं? सरकार उतरलं. १९४१ मध्ये युद्धनुकसान कायदा झाला आणि तो युद्धाच्या पहिल्या दिवसापासून लागू केला. प्रत्येक घरमालकाकडून सक्तीची वर्गणी घेतली, पाच वार्षिक हप्त्यांत. आयोग नेमला. घर दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्तीचा खर्च, पूर्ण गेलं असेल तर मार्च १९३९ च्या भावानं किंमत. घरातल्या चीजवस्तूंसाठी त्याच कायद्यात वेगळी योजना होती. म्हणजे विमा कंपनीनं जे दार बंद केलं त्याच्या शेजारी सरकारनं दुसरं उघडलं. १९४२ च्या त्या मे महिन्यात एक्झेटरमध्ये ज्यांची घरं गेली, त्यांना मागायला एक ठिकाण होतं.

युद्ध संपलं, भरपाया वाटून झाल्या, १९६४ मध्ये आयोग बरखास्त झाला. सरकारचं दार बंद झालं. कंपनीचा अपवाद होता तिथेच राहिला. २०२१ मध्ये जमिनीतून बॉम्ब वर आला तेव्हा दोन्ही दारं बंद होती. माझ्या मते प्रकरणाचा खरा पेच हा आहे. कोर्टासमोर हा प्रश्न नव्हता, येऊही शकत नव्हता, पण घर असणाऱ्यासाठी ‘अपवाद लागू होतो का’ इतकाच ‘अपवाद लागू झाला तर पुढे कोण’ हाही प्रश्न आहे.

आणि हे एकदाच घडणारं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, अपिलाच्या निकालाला तीन महिनेही झाले नव्हते, त्याच डेव्हनमध्ये प्लिमथच्या कीहॅम भागात एका घराच्या मागच्या अंगणात ५०० किलोचा जर्मन बॉम्ब सापडला. घर वाढवण्यासाठी खोदत होते, बस. दहा हजारांच्या वर लोकांना हलवलं, आणि लष्करानं तो बॉम्ब गाडीवर चढवून वस्तीतून फेरीच्या धक्क्यापर्यंत नेला आणि समुद्रात फोडला. जागेवर फोडावा लागला असता तर त्या गल्लीतल्या प्रत्येक घरमालकाच्या हातात एक्झेटरचा निकाल पडला असता. ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची संख्या आता कमी नाही. बंदरांच्या, विमान कारखान्यांच्या, गोद्यांच्या जुन्या शहरांत घर असेल आणि मागे खोली वाढवायचा विचार असेल तर आधी विमा कंपनीला एक ईमेल टाकायला हरकत नाही.

मुंबई, १९४४

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं कुणाला वाटेल. १४ एप्रिल १९४४ ची दुपार आठवा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, काही अंदाज हजाराच्या पुढे जातात. मांडवीच्या बाजूची वस्ती पेटली, ऐंशी हजार लोक बेघर झाले असं सांगतात. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले आणि अजूनही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. गोदीचा गाळ काढताना पुढे कित्येक दशकं सोन्याच्या विटा सापडत राहिल्या.

आता हे युद्ध होतं का? शत्रूनं काही केलं नव्हतं. आग अपघातानं लागली. पण युद्ध नसतं तर कापसासोबत टॉर्पेडो आणि तोफगोळे असते का? एक्झेटरच्या वकिलांना दोन्ही बाजूंनी आठवडाभर युक्तिवाद करता आला असता. मुंबईत ती वेळ आली नाही, कारण सरकारनं जबाबदारी घेतली आणि त्याच वर्षी बॉम्बे एक्स्प्लोजन भरपाई वटहुकूम काढून लोकांचे दावे स्वीकारले. तेव्हा कारखान्यांसाठी आणि व्यापारी मालासाठी सरकारची युद्धजोखीम विमा योजना होती (मालासाठी १९४० चा वटहुकूम, कारखान्यांसाठी १९४२ चा). चाळीतल्या खोलीसाठी नव्हती.

स्वतंत्र भारतातही हाच साचा राहिला. चीनच्या युद्धाच्या वेळी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये संसदेनं आणीबाणीतल्या जोखमींच्या विम्याचे कायदे केले. तेही माल आणि कारखाने, उद्योग यांच्यासाठी. राहतं घर दर वेळी बाहेर. अर्थव्यवस्था चालू ठेवायची तर गिरणी आधी, हे समजतं. पण घराचा विचार कायद्यानं कधी केला नाही, ही नोंद करून ठेवायला हवी.

आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय

एक्झेटरच्या स्फोटानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ एप्रिल २०२१ पासून, भारतात घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना ती देणं बंधनकारक केलं. ही पॉलिसी जुन्यापेक्षा कितीतरी बरी आहे, हे आधी सांगतो. भाषा सोपी आहे, विमा रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते, कमी रकमेचा विमा काढला म्हणून क्लेमला कात्री लावत नाहीत.

आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, वाहनाची धडक, दंगल, संप यांच्याबरोबर त्यात दहशतवादी कृत्य अंगभूत आहे. एक गमतीची नोंदही आहे: क्षेपणास्त्र चाचणीमुळे झालेलं नुकसान. म्हणजे आपलं क्षेपणास्त्र चाचणीत भरकटून छपरावर आलं तर क्लेम बसतो. शत्रूचं आलं तर बसत नाही.

युद्धाचा अपवाद एक्झेटरच्या पॉलिसीसारखाच आहे, युद्धसदृश कारवाया आणि ‘जाहीर झालेलं असो वा नसो’ यासकट. फरक त्याच्या आधीच्या वाक्यात आहे. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे’ या घटनांमुळे झालेलं नुकसान भरणार नाही, असं आपल्याकडे लिहिलंय. एक्झेटरच्या पॉलिसीत ‘अप्रत्यक्ष’ नव्हतं, तरी क्लेम गेला. इंग्लिश निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत. शिवाय आपली न्यायालयं अपवादाचा अर्थ तंग लावतात, संदिग्धता असेल तर विमाधारकाच्या बाजूनं कौल देतात, आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकतात. त्यामुळे इथे असाच निकाल लागेल असं मी म्हणत नाही. पण शब्द तुमच्या विरोधात आणखी घट्ट आहेत, हे खरं.

दहशतवाद मिळतो आणि युद्ध मिळत नाही, हे असं का झालं? अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, दहशतवादाची जोखीम घेणं सोडलं. तेव्हा एप्रिल २००२ मध्ये भारतातल्या साधारण विमा कंपन्यांनी एकत्र येऊन दहशतवाद जोखीम पूल उभारला. जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी तो सांभाळते. प्रत्येक कंपनी त्यात हप्त्याचा वाटा टाकते आणि क्लेम सगळे मिळून सोसतात. २६/११ नंतर मुंबईच्या हॉटेलांचे क्लेम याच पूलवर आले. एका इमारतीचं, एका गल्लीचं नुकसान पूलला पेलतं. युद्धाचं पेलणार नाही, म्हणून पूलच्या कलमातही युद्ध पुन्हा वगळलेलं आहे.

आणि रेषा कुठे आखली आहे ते पाहण्यासारखं आहे. दहशतवादी कृत्याची व्याख्या रुंद आहे. राजकीय, धार्मिक, वैचारिक हेतूनं, सरकारवर दबाव आणण्यासाठी किंवा लोकांत भीती पसरवण्यासाठी केलेला बळाचा वापर, एकट्यानं केलेला असो, संघटनेसाठी असो, की एखाद्या सरकारच्या वतीनं असो. लगेच पुढच्या अपवादांत मात्र ‘सार्वभौम किंवा सरकारी संस्थांच्या शत्रुत्वाच्या कृती’ येतात. म्हणजे सरकारच्या वतीनं कुणी घुसून स्फोट केला तर दहशतवाद, त्याच सरकारच्या तोफेनं गोळा टाकला तर अपवाद. मधली जागा धुक्यात आहे.

एप्रिल-मे २०२५ मध्ये ही जागा दोन आठवड्यांत अख्खी पार झाली. २२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्यानंतर १० मेच्या शस्त्रसंधीपर्यंत पुंछ, राजौरी, उरी भागांत पाकिस्तानी तोफांनी घरं फोडली, पंजाबात फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका गावात ड्रोनमुळे घराला आग लागून कुटुंब भाजलं. समजा यातल्या एका घराला ‘भारत गृह रक्षा’ होती. आग पॉलिसीत आहे, स्फोट आहे, दहशतवाद आहे. सुरुवात दहशतवादी कृत्यापासून झाली हेही खरं. पण गोळा शेजारच्या देशाच्या सैन्यानं टाकलेला. युद्ध कुणी जाहीर केलं नव्हतं, आणि अपवादाला ते लागतही नाही. माझ्या वाचनानुसार हा क्लेम टिकवणं फार कठीण आहे. पहलगामपर्यंत साखळी मागे नेऊन ‘मूळ कारण दहशतवाद’ म्हणायला जावं, तर वेन टँकचा नियम आडवा येतो: दोन कारणं धरली तरी वगळलेलं जिंकतं.

हे लोक वाऱ्यावर राहिले नाहीत. पुंछसारख्या ठिकाणी सरकारी मदत आधी मिळालेली होती, आणि ६ जून २०२५ ला कटऱ्यात पंतप्रधानांनी जास्त नुकसान झालेल्या घरांना आणखी दोन लाख आणि अंशतः नुकसान झालेल्यांना आणखी एक लाख जाहीर केले. पण ही मदत आहे, हक्क नव्हे. घर बांधायला लागतील तेवढे नाही, सरकार ठरवेल तेवढे. इस्रायलनं १९६१ पासून मालमत्ता कराचा एक भरपाई निधी कायद्यानं बांधला आहे. रॉकेटनं घर पडलं तर घरमालक त्या निधीकडे जातो, विमा कंपनीकडे नाही. तिथेही कंपनी युद्ध वगळते, पण शेजारचं दार उघडं आहे आणि त्यावर पत्ता लिहिलेला आहे. आपल्याकडे तसा कायदा करायला काही अडचण असेल असं मला वाटत नाही. ब्रिटननं तो बॉम्ब पडत असताना केला होता.

तोवर घरमालकाच्या हातात थोडंच आहे, पण आहे. गृहकर्जासोबत बँकेनं घेऊन दिलेली पॉलिसी कुठे ठेवलीय ते शोधा. सोबत कर्जदाराच्या आयुर्विम्याचा कागद असतो आणि पुष्कळांना तोच घराचा विमा वाटतो. सोसायटीनं इमारतीचा विमा काढला असेल तर सेक्रेटरीकडून प्रत मागा आणि ती ‘भारत गृह रक्षा’ आहे का ते बघा. तळाला दुकानं असलेल्या इमारतींची पॉलिसी वेगळ्या साच्यातली असू शकते आणि तिथे दहशतवाद जादा हप्ता भरून घ्यावा लागत असेल. नूतनीकरणाच्या वेळी पैसे वाचवायला कुणी तो वगळला नाही ना, हे एजंटला तोंडी नव्हे, लेखी विचारा.

क्लेमची वेळ आलीच तर नाकारणारं पत्र कोणत्या कलमाखाली आहे ते आधी पाहा. सर्व्हेअरनं कारण काय लिहिलंय आणि पत्रात कोणतं कारण दिलंय हे जुळतं का, तेही पाहा. नुकसान कुणी केलं याची पोलिसांची नोंद, पंचनामा, तहसीलदारांचा अहवाल यांत एका ठिकाणी ‘अज्ञात दहशतवादी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सीमेपलीकडून गोळीबार’ असं असेल, तर कंपनी दुसऱ्यावर बोट ठेवणार. अपवाद सिद्ध करणं तिचं काम आहे, तिला ते करू द्या. कंपनीच्या तक्रार कक्षाकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. त्यापुढचं किंवा गुंतागुंतीचं असेल तर ग्राहक आयोग.